दार नसलेल्या घरात नऊ दिवस

सरूबाई, तू गेलीस हे मला बारा दिवसांनी कळलं. केरबा घोंगडीवाला नेहमीसारखा नगरच्या बाजाराला आला, आमच्या दुकानाच्या पायरीवर टेकला, तांब्याभर पाणी प्यायला आणि अण्णांना म्हणाला, "सरूबाई गेली बरं का. शिंगनापूरची." मी आत खिळ्यांच्या पुड्या बांधत होते. हात थांबले नाहीत. चार पुड्या बांधून झाल्यावर लक्षात आलं की त्यांत खिळे घातलेच नव्हते.

आणि खरं सांगू? आधी रडू आलं नाही, राग आला. आपलं भांडण अर्ध्यावर टाकून तू अशी कशी निघून जातेस? सात वर्षं मी एकच गोष्ट विचारत होते आणि सात वर्षं तू एकच उत्तर देत होतीस. तुझं उत्तर खोटं आहे हे मला ठाऊक होतं, आणि मला ठाऊक आहे हे तुलाही ठाऊक होतं.

घरी आले तर आत्याने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "बारा दिवस उलटले ना? मग डोक्यावरून अंघोळ कर, झालं. आपल्या नात्यातली असती तर आता कळल्यावर तीन दिवस सुतक धरावं लागलं असतं. ही तुझी कोण लागते?"

मी न्हाणीत गेले, घंगाळ भरलं आणि तशीच उभी राहिले. तू माझी कोण लागतेस, ते मला सांगता येईना. अठरा वर्षांची झाले, मुलींच्या शाळेत लहान वर्गाला शिकवते, पोरींना काका, मामा, मावशी कोणाला म्हणायचं ते पाठ करून घेते, आणि मला हे येईना. अंघोळ केली असती तर तू परकी ठरली असतीस. नाही करावी, तर कोणत्या तोंडाने? पाणी गार झालं तरी मी उभीच होते. शेवटी तशीच बाहेर आले.

तुला हाक तरी मी कधी धड मारली? पहिल्या दिवशी 'अहो', दुसऱ्या दिवसापासून नुसतं 'तू'. तू वैतागायचीस. "मावशी म्हन, आजी म्हन, न्हाई तर म्हातारे म्हन. कायतरी म्हन की." मला मावशी म्हणवेना, कारण आईला बहीणच नव्हती. आजी म्हणवेना, कारण तुझे केस तेव्हा काळे होते. सरूबाई हे नाव शेजारणींकडून ऐकलं आणि ते मी मनात वापरत राहिले. तोंडावर ते आज पहिल्यांदा म्हणतेय.

तुझ्याकडे मी का आले होते, ते तू मला कधी विचारलं नाहीस. मीच तुकड्यातुकड्याने सांगितलं. आज सलग सांगते, कारण मलाही ते सलग लागत नाही.

तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आई विषमज्वराने पडली तशी मला राहुरीला आत्याकडे धाडलं. "आईला उतार पडला की आणू तुला," असं म्हणाले होते. आत्या मला घेऊन नगरला आली ती इथेच राहिली, पण तोवर तेरावासुद्धा होऊन गेला होता. अंगणात पत्रावळींचा ढीग होता आणि आईच्या खोलीला कुलूप होतं. आमचं दुकान कड्याकोयंड्यांचं, बिजागऱ्यांचं, कुलपांचं. त्यातलं सगळ्यात मोठं कुलूप, जे वर्षानुवर्षं कोणी विकत घेत नव्हतं, ते अण्णांनी आणून तिथे लावलं होतं. किल्ली करगोट्याला. आत आईची पेटी, तिचा आरसा, तिचं अंथरूण. माझी पाटीसुद्धा आतच राहिली होती. मी म्हटलं, "अण्णा, माझी पाटी." अण्णा उठले, चपला घातल्या, बाजारात गेले आणि नवी पाटी घेऊन आले.

आईचं नाव घरात कोणी काढत नव्हतं. मी काढलं की आत्या म्हणे, "भाजी निवड." महिना असा गेला. मग एकदा आत्या शेजारणीला हळूच म्हणाली, "साडेसाती होती वहिनीला. शनीनं नेली." ते मी ऐकलं. इतके दिवस मला नुसतं 'गेली, गेली' ऐकवत होते. आता नेणाऱ्याचं नाव कळलं आणि तो राहतो कुठे तेही कळलं. पुढच्याच शनिवारी दप्तर घेऊन शाळेला म्हणून निघाले आणि घोडेगावच्या मोटारीत बसले. लढाईमुळे मोटारी तेव्हा कोळशावर चालत. चढ आला की सगळ्यांनी उतरून ढकलायचं. मीही ढकलली. एका कुटुंबाला चिकटून बसले होते, त्यामुळे ही पोर कोणाची हे कोणी विचारलं नाही. घोडेगावाहून तेलाच्या बुधल्या घेऊन निघालेल्या माणसांच्या मागे शिंगणापूरपर्यंत चालत राहिले.

शनीशी भांडायचं होतं मला. वाटभर वाक्यं जुळवली होती. पण चौथऱ्याजवळ गेले तर एक म्हातारा म्हणाला, "बाईमान्सानं वर यायचं नसतं, पोरी. तितनंच हात जोड." मी हात जोडले नाहीत, पण शब्दही फुटेना. उघड्यावर उभा तो काळा दगड, त्याच्यावरून तेल ओघळतंय, लोक येतायत, जातायत. ऊन उतरलं. परत कसं जायचं याचा मी विचारच केला नव्हता.

आणि मग मी तुझ्या घरात शिरले. तुझ्या घराला चौकट होती, दार नव्हतं. आत कोणी नव्हतं. कोपऱ्यात खड्डा, त्याच्यावर माग, लोकरीचे ढीग, पाण्याचा माठ. माणूस ज्या घराला आपलं म्हणतो त्याला दार असतं, देवळाला असतं, तुरुंगाला तर असतंच; दार नसलेली जागा म्हणजे धर्मशाळा, एवढं कुलूपवाल्याच्या मुलीला कळत होतं. गल्लीतल्या बाकीच्या घरांनाही दारं नव्हती ती मी पाहिली होती. मला वाटलं, केवढी मोठी धर्मशाळा. पाणी प्यायले, दप्तर उशाला घेतलं आणि पाय पसरले.

तू डोक्यावर लोकरीचं गाठोडं घेऊन आत आलीस. मी उठून बसले, आईने शिकवलेल्या रीतीप्रमाणे बाजूला सरकले आणि म्हटलं, "या ना. इकडे जागा आहे. तुम्हीपण इथेच उतरलात का?"

तू गाठोडं खाली टाकलंस. मला डोक्यापासून पायापर्यंत बघितलंस. चेहऱ्यावरची रेष न हलवता म्हणालीस, "व्हय. चाळीस वरसं झाली."

"इतके दिवस राहू देतात?"

"आजून तरी कुनी उटवलं न्हाई."

दुसऱ्या दिवशी शेजारीण आली तेव्हा सगळा उलगडा झाला. ती हसून हसून खाली बसली आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तू म्हणालीस, "हसती काय? बराबर बोलली पोर. लगीन हून हितं उतरली, तवाधरनं हायेच की मी." मग माझ्याकडे वळून म्हणालीस, "तू बी ऱ्हा. जागा लई हाय." एवढंच. कुठली, कोणाची, का आलीस, काही नाही. मला वाटलं, दारं नसलेल्या गावात विचारायची पद्धतच नसेल.

पहिल्या संध्याकाळी तू माळ्यावरून एक बोचकं काढलंस. त्यात कडुलिंबाच्या वाळक्या पानांत ठेवलेला परकर आणि पोलकं होतं. मला अगदी बेताचं बसलं. ते कोणाचं होतं, सरूबाई? नवरा बारा वर्षांपूर्वी वारला आणि तेव्हापासून मागाच्या खड्ड्यात तू बसतेस, बाईने मागावर बसायचं नसतं असं म्हणणाऱ्यांना तू घोंगडी विकत नाहीस, एवढं तू सांगितलंस. परकराबद्दल काही सांगितलं नाहीस आणि मीही विचारलं नाही. परवा केरबाला विचारलं. तो म्हणाला, "आमी बी कदी इचारलं न्हाई." आता ते सांगणारं कोणी उरलं नाही. मी तो नऊ दिवस घातला, त्यात चिंचोके कुटले, त्याला खळ लागली, आणि कोणाचा ते मला कधीच कळणार नाही.

चिंचोके कुटायचं काम तू मला दिलंस. भाजून फोडायचे, भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे, मग ती चिकट खळ मागावर ताणलेल्या लोकरीच्या धाग्यांना कुंच्याने लावायची. हात दिवसभर चिकट. तू खड्ड्यात पाय सोडून आडव्या धाग्याचा धोटा टाकत असायचीस आणि मान वर न करता मला एखादी गोष्ट विचारायचीस. "तुझी आई भाकरी कशी थापायची गं, हातावं का परातीत?" मी म्हटलं, "परातीत." झालं, त्या दिवसाचं विचारणं संपलं. दुसऱ्या दिवशी: "चिडली म्हंजी काय म्हनायची?" मी सांगितलं की आई चिडली म्हणजे बोलायचीच नाही, भांडी जोरात घासायची. तू हसलीस. मला धक्काच बसला. आईच्या नावाने कोणी हसू शकतं हे मी विसरलेच होते. मग मीच सांगत सुटले. आई कशी शिंकायची, तिला दुधावरची साय किती आवडायची, अण्णांची नक्कल ती कशी करायची. तू धोटा टाकत राहिलीस. रडू कधी आलं ते मला कळलं नाही; तू कळल्याचं दाखवलं नाहीस. खळीत अश्रू पडले तर घोंगडीला कसर लागते का, असं मी विचारलं तेव्हा म्हणालीस, "न्हाई लागत. म्या लई घोंगड्या तशा इनल्यात."

मला उघड्या चौकटीकडे बघून झोप येत नसे. तुमच्या गावात कुत्रं आत येऊ नये म्हणून फळी आडवी लावतात. तू ती एरवी लावायची नाहीस. मी आल्यापासून रोज लावायला लागलीस आणि कुत्र्यांना उगाच शिव्या देत राहिलीस.

मंगळवारी मी तुला कुलपाचं सांगितलं. तू धोटा हातातच ठेवलास.

"केवडं कुलूप?"

मी दोन्ही हातांनी दाखवलं.

"त्येला बी लई लागलेलं दिसतंय."

"कोणाला? कुलपाला?" मी चिडले.

"तुज्या बापाला." मग तू परत माग सुरू केलास आणि जरा वेळाने म्हणालीस, "कुलपांचं दुकान हाय म्हनतीस? हितं टाक म्हनावं. चार दिसांत उपाशी मरंल." मला हसू आलं आणि हसल्याचा रागही आला. त्याच दुपारी केरबा घोंगड्या न्यायला आला होता. तू त्याला अंगणाच्या टोकापर्यंत पोचवायला गेलीस. एरवी तू खड्ड्यातून उठायचीसुद्धा नाहीस. हे मी पाहिलं होतं, सरूबाई. अकरा वर्षांची होते, आंधळी नव्हते.

मग पुन्हा शनिवार आला. तू डोक्यावरचा पदर नीट केलास, माझा हात धरलास आणि चौथऱ्यासमोर खाली उभी केलीस. "इचार आता." मी विचारलं. मोठ्याने विचारलं. "माझ्या आईला का नेलंस?" तेल घालायला आलेली माणसं वळून बघायला लागली. तोच म्हातारा ओरडला, "ए पोरी, देवासंगं आसं बोलत्यात व्हय?" तू त्याला म्हणालीस, "ती तुमच्याशी न्हाई बोलत. तुमी तेल घाला." मग मी आणखी दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा आवाज बसला.

परत येताना तू विचारलंस, "काय म्हनला?"

"काही नाही."

"मला बी बारा वरसं काय म्हनला न्हाई. पर जाऊन इचारून आलं की भाकर गोड लागती." खरंच लागली. दोन खाल्ल्या आणि वर हुलग्याचं माडगं प्यायले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा आले.

ते मी अजून डोळ्यांपुढून घालवू शकत नाही. उभा जन्म कड्या आणि बिजागऱ्या विकलेला माणूस तुझ्या चौकटीपुढे उभा होता आणि कडी वाजवायला उचललेला हात तसाच वर होता. वाजवायला काही नव्हतंच. शेवटी ते खाकरले. मी तुझ्याकडे पाहिलं. तू मागावरून मान वर केली नाहीस, आणि त्यावरून मला सगळं कळलं.

"तूच निरोप धाडलास."

"म्या न्हाई."

"केरबाबरोबर धाडलास."

"न्हाई म्हनलं ना."

मी आतल्या बाजूला जाऊन माझे शाळेचे कपडे घातले, परकर-पोलकं चुलीजवळ टाकलं, घडीसुद्धा केली नाही. बाहेर आले तेव्हा तू आणि अण्णा चौकटीशी उभे होतात. तू मला काहीतरी म्हणणार होतीस. मी थांबले नाही आणि वळूनही पाहिलं नाही. मागे न बघणं फार अवघड असतं हे तेव्हा कळलं, पण केलं.

घरी आले तर आईची खोली उघडी होती. खिडकीही उघडी होती, फरशी धुतलेली होती. माझी जुनी पाटी आरशाला टेकवून ठेवली होती. आत्या म्हणाली, "तुझ्या बापानं स्वतःच्या हातानं उघडली हो." मी अण्णांच्या कमरेला मिठी मारली. त्या दिवशी माझ्या मनात दोन गोष्टी पक्क्या बसल्या. अण्णांनी माझ्यासाठी कुलूप काढलं. सरूबाईने मला फसवलं. एकाला सगळी माया आणि दुसरीला सगळा राग. त्या वाटणीवर माझी सात वर्षं सुरळीत गेली.

तरी मी तुझ्याकडे आले ना? चौदाव्या वर्षी आत्या शनीला तेल घालायला निघाली तेव्हा मीच तिच्या मागे लागले. तू मला ओळखलंस आणि म्हणालीस, "आली का उतारू?" मी आधी तोच प्रश्न विचारला. तू तेच उत्तर दिलंस. पुढेही दरवर्षी एक फेरी, तोच प्रश्न, तेच उत्तर. मधल्या वेळात आपण किती गप्पा मारल्या. मी शिक्षिका होणार म्हटल्यावर तू म्हणालीस, "पोरींना जोरात बोलायला शिकीव." ते मी शिकवते. पण निघताना माझं बोट परत त्याच खपलीवर जायचं.

गेल्या थंडीत तुला खोकला होता. मागावर बसवत नव्हतं, चौकटीत बसून लोकर कातत होतीस. तुझे केस पांढरे झाले होते. आता आजी म्हणता आलं असतं. माझं डोकं का फिरलं कोण जाणे. मी म्हटलं, "आता मी मोठी झाले. आता तरी खरं सांग. नाही सांगितलंस तर मी इथे पुन्हा पाय ठेवणार नाही." तू सूत कातत राहिलीस. "नगं ठिवू. तुला वाटंल तवा ये. मी काय दार लावून बसनार हाय व्हय?"

मी गेले नाही, सरूबाई. अकरा महिने गेले नाही. केरबा दोनदा म्हणाला, "म्हातारी इचारत हुती." दोन्ही वेळा मी म्हटलं, "खरं सांगायला तयार आहे का, विचार तिला." आता हे लिहिताना दिसतंय, केवढी ही माझी ऐट.

परवा न्हाणीतून कोरडीच बाहेर आले तेव्हा आत्याने कपाळाला हात लावला. तेवढ्यात अण्णा दुकानातून आले. आत्याने त्यांच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं. अण्णांनी टोपी काढून खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "ती तीन दिवस सुतक धरेल."

"कोणत्या नात्यानं?" आत्याने विचारलं.

"मीही धरणार आहे."

आत्या तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणत स्वयंपाकघरात गेली. अण्णा आईच्या खोलीत जाऊन बसले, मी समोर. खाली तुझीच घोंगडी होती, दोन वर्षांपूर्वी तू केरबाबरोबर पाठवलेली. अण्णा तसे मोजकं बोलणारे. त्या दिवशी थांबत थांबत का होईना, पण सगळं बोलले.

ते म्हणाले, "निरोप तिनंच धाडला होता. तू सापडत नव्हतीस तेव्हा चार दिवस मी गावातल्या विहिरींत गळ टाकून बघत होतो. गुरुवारी केरबा आला." निरोप त्याने पाठ करून आणला होता: "पोरगी माझ्याकडं हाय, खातीपिती हाय. पर तुमच्यात एका खोलीला कुलूप हाय म्हनं. ते काढा, मंग या. काढनं हुनार नसंल तर येऊ नगा, पोर मी सांभाळती."

"मी त्याच दिवशी किल्ली लावली," अण्णा म्हणाले. "कुलूप काढलं, दार लोटलं आणि परत लावलं. शुक्रवारी परत काढलं, परत लावलं. शनिवारी संध्याकाळी आत गेलो." मग त्यांनी घोंगडीवरची सुरकुती हाताने सरळ केली. "तू कुठं आहेस ते मला माहीत होतं, वत्सले. आणि तरी मला तीन दिवस लागले."

मी विचारलं, मग ती खोटं का बोलली?

"तू आत कपडे बदलत होतीस, तेवढ्यात ती मला म्हणाली, 'पोरीला माजं नाव सांगू नगा. कुलूप तुमीच काडलं आसं ऱ्हाऊ द्या. माजा राग आला तर येऊ द्या, मी लांब हाय. तिला ऱ्हायाचंय तुमच्यासंगं.' तिनं निरोप कबूल केला असता, तर कुलपाची अटही बाहेर आली असती. मी तिला शब्द दिला." अण्णांचा चेहरा मी कधी असा पाहिला नव्हता. "शब्द दिला की सोयीचं म्हणून गप्प राहिलो, ते आता मलाही सांगता येत नाही."

तेव्हापासून माझ्या डोक्यात नुसता गुंता आहे. कोणावर रागावू? तुझ्यावर? तू मला विकलं नाहीस, उलट माझ्यासाठी माझ्या बापाशी सौदा केलास आणि वर माझा राग स्वतःच्या अंगावर घेतलास. मग मी सात वर्षं कोणाशी भांडत होते? अण्णांवर रागावू? त्यांना तीन दिवस लागले, पण विहिरींत गळही त्यांनीच टाकले होते. आणि कुलूप तुझ्या सांगण्यावरून काढलं तरी हात त्यांचाच होता ना? का नव्हता? एकदा वाटतं, तू मला माझा बाप परत दिलास. लगेच वाटतं, हे ठरवणारी तू कोण? मला विचारलं असतंस तर मी तुझ्याकडेच राहिले असते. म्हणूनच विचारलं नाहीस ना? बघ, अजून भांडतेच आहे. आणि उत्तर द्यायला तू नाहीस, याचीच जास्त चीड येते.

एक मात्र धड कळतं. गेल्या थंडीत तू खरं सांगितलं असतंस तर मी येत राहिले असते. खोटं धरून बसलीस आणि मला गमावलंस, आणि ते तुला दिसत होतं. तरी अण्णांना दिलेलं तू परत घेतलं नाहीस. माझं चुकलं, सरूबाई. परकराची घडी करायला हवी होती. वळून बघायला हवं होतं. अकरा महिन्यांतला एखादा शनिवार तरी यायला हवं होतं.

आज सुतकाचा तिसरा दिवस. दुकान बंद आहे, अण्णांच्या दाढीचे खुंट वाढलेत, ते दर घटकेला विचारतात, "जाताना काय न्यायचं?" उद्या अंघोळ करून आम्ही दोघं शिंगणापूरला निघणार आहोत. आमच्या दुकानातलं तुझ्या गावाला लागेल असं काही नाही, हे त्यांना आता कळलंय. तरी सकाळपासून दोनदा माळे धुंडाळून आले. शेवटी मीच म्हटलं, चिंचोके घेऊ.

केरबा म्हणतो, तुझा कोणी पुतण्या येऊन राहिलाय. तो मला ओळखत नाही. चौकटीपुढे अण्णा खाकरतील, तो बाहेर येईल आणि विचारेल, तुमी तिच्या कोन? मी तीन दिवस याच्यावर विचार करतेय. लेक नाही, भाची नाही, पाहुणी म्हणावं तर कोणी बोलावलं नव्हतं. पण त्याला काहीतरी सांगावं लागेल. म्हणेन, आम्ही दोघी इथे उतरलो होतो. ती सत्तेचाळीस वर्षं, मी नऊ दिवस.